पाचव्या चाकाची जागा

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीची डिकी आहे. पण मागची नव्हे, पुढची. हे ऐकून तुम्ही गोंधळला असाल तर त्यात तुमची चूक नाही. गेली पन्नासएक वर्षं सातारा-सांगलीकडची माणसं माझं झाकण उघडून आत वाकतात आणि विचारतात, इंजिन कुठाय? आमच्या गाडीचं इंजिन मागे असतं. बाकीच्या गाड्यांचं इंजिन जिथं धगधगत असतं, त्या जागी मी असते. गार, मोकळी, सामानाची वाट बघणारी.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. आमची गाडी दोन दारांची, बसक्या बांध्याची, पळण्यासाठीच केलेली. हळदीसारखा पिवळा रंग. स्टिअरिंग डावीकडे. एका अवजड यंत्राने कोऱ्या पत्र्यावर एकदाच दाब दिला आणि मला माझा आकार मिळाला. समोरच्या बाजूला एक मोठा गोल खोलगा होता. त्यात पाचवं चाक, म्हणजे स्टेपनी, आडवी बसायची. त्याच्या मागे बॅगांसाठी सपाट जागा, डाव्या कोपऱ्यात बॅटरी आणि माझ्या तळाखाली पेट्रोलची टाकी.

एकोणीसशे एकाहत्तर साली क्लाउस नावाच्या एका इंजिनियर साहेबांबरोबर आम्ही बोटीने मुंबईला आलो आणि तिथून इस्लामपूरकडे. तिथल्या एका साखर कारखान्यात त्यांना टर्बाइन बसवायचं होतं. साहेब तीन वर्षं राहिले. त्यांनी माझ्यातून नकाशांच्या गुंडाळ्या नेल्या, पाने नेले, ग्रीसचे डबे नेले, आणि एकदा गुळाची अख्खी ढेप नेली. ती ढेप उन्हाने पाझरली. पुढे महिनाभर माझ्यात मुंग्यांचा राबता होता.

त्या कारखान्याला ऊस घालणाऱ्यांत नानासो नावाचे एक शेतकरी होते. कृष्णाकाठी त्यांचं रान होतं, पण जीव सगळा यंत्रात. पाण्याचं इंजिन बिघडलं तर ते कुणाला बोलवत नसत, स्वतःच खोलून बसत. ट्रॉली रिकामी व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात ते टर्बाइनपाशी येऊन उभे राहायचे. क्लाउस साहेबांना मराठी येत नव्हतं आणि नानासोंना जर्मन. पण एकाने नटावर बोट ठेवायचं, दुसऱ्याने मान हलवायची, असं त्यांचं तास तास बोलणं चालायचं. साहेब मायदेशी निघाले तेव्हा रीतसर कागद करून त्यांनी आम्हाला नानासोंच्या हवाली केलं.

ती माझी कौतुकाची वर्षं होती, मित्रांनो. बाजाराच्या दिवशी इस्लामपुरात आम्ही थांबलो की भोवती गर्दी व्हायची. नानासो माझं झाकण उघडून ठेवायचे आणि काही न बोलता चहा प्यायला जायचे. मग लोकांच्या चर्चा सुरू. एका म्हाताऱ्याने माझ्यात डोकं घालून वास घेतला आणि ही गाडी वाऱ्यावर चालते असं सगळ्यांना खात्रीने सांगितलं. झाकण उचलून धरणारे माझे दांडे काही वर्षांनी सैल पडले. तसले दांडे इकडे मिळेनात, तेव्हा नानासोंनी बाभळीची एक काठी तासून माझ्यात ठेवली. झाकण वर करायचं आणि काठी टेकवायची. मला त्या काठीची लाज वाटायची नाही. ती त्यांनी माझ्या मापाने केली होती.

नानासोंना एकच मुलगा, धनाजी. ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात नानासोंनी त्याला गाडी शिकवली. तो सरींवरून गाडी उडवायचा आणि माझ्यातलं सगळं सामान आदळायचं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी तो फौजेत गेला. सुट्टीवर आला की त्याला आणायला आम्ही कऱ्हाड स्टेशनवर जायचो. त्याची काळी लोखंडी ट्रंक माझ्यात मावायची नाही, ती मागच्या सीटवर ठेवावी लागायची. वळकटी मात्र माझी.

एका सुट्टीत त्याच्याबरोबर त्याचा मित्र आला. अर्जुना त्याचं नाव. माण तालुक्यातला, उंच, हाडकुळा आणि सतत हसणारा. तो माझ्या काठावर बसून पाय हलवत ऊस खात होता. आमच्याकडं पाणी बघायला मिळत न्हाई आणि तुमी पाण्याची कांडी चघळता, असं काहीतरी तो म्हणाला आणि स्वतःच हसला. दोन दिवस राहून तो दहिवडीच्या एसटीने त्याच्या गावी गेला.

दोन हजार तीन साली हे दोघं सीमेवर जमिनीत पुरलेले सुरुंग काढायच्या कामावर होते. एक सुरुंग फुटला. अर्जुना जागच्या जागी गेला. धनाजीचा डावा पाय मांडीपासून कापावा लागला, उजव्या गुडघ्यात लोखंडाचे तुकडे शिरले. वर्षभर तो दवाखान्यात होता. मग चाकाच्या खुर्चीवर बसून घरी आला.

त्याला आणायला आम्ही गेलो नाही. भाड्याची मोठी गाडी गेली होती. चार माणसांनी त्याला उचलून ओसरीवर ठेवलं तेव्हा नानासो माझ्याजवळ उभे होते. त्या दिवसानंतर त्यांनी आम्हाला हात लावला नाही. ज्याच्यासाठी ही गाडी जपली त्यालाच ती चालवता येणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं असावं. त्यांनी आमच्यावर ताडपत्री टाकली आणि चारी कोपरे विटांनी दाबले. नऊ वर्षांनी नानासो गेले.

दुर्लक्ष म्हणजे काय असतं ते मी तिथे शिकले. बॅटरी माझ्या कोपऱ्यातच राहिली होती. ती फुगली, फुटली आणि तिच्यातलं अॅसिड थेंब थेंब माझ्या तळावर पडत राहिलं. पत्रा आधी पांढरा झाला, मग काळा, मग तिथे भोक पडलं. भोकातून उंदीर आले. दोन हजार एकोणीसच्या महापुरात कृष्णेचं पाणी अंगणात शिरलं. आमचं इंजिन मागे, जड. त्यामुळे मागची बाजू बसली आणि माझं नाक पाण्यावर तरंगायला लागलं. धनाजीच्या बायकोने, संयोगिताने, घर सोडण्याआधी पुढच्या बंपरला दोर लावून तो कडुलिंबाला बांधला होता, म्हणून आम्ही वाहून गेलो नाही. पाणी उतरलं तेव्हा माझ्यात टोपलीभर गाळ होता. संयोगिताने तो खरवडून काढला आणि आम्हाला ओसरीच्या कडेला आणून परत ताडपत्री टाकली, इतकंच. पुरानंतर त्या घरात करायला बाकीचं खूप होतं.

ओसरीपासून दहा पावलांवर उभी असल्यामुळे मला घरातलं सगळं ऐकू यायचं. धनाजी फार बोलत नसे. गावातल्या पोरांना फौजेच्या भरतीची पुस्तकं समजावून सांगायचा, पण अंगणाबाहेर जात नसे. लग्नकार्य असो की मयत, उचलून नेऊन ठेवणं त्याला नको वाटायचं. दर दिवाळीला एक फोन मात्र यायचा. अर्जुनाची आई रंगुबाई तो करायची. धनाजी दोन-चार शब्द बोलायचा आणि फोन संयोगिताकडे द्यायचा. बावीस वर्षांत तो तिच्या दारी एकदाही गेला नव्हता.

गेल्या वर्षी दिवाळीला कितीतरी अवकाश असताना रंगुबाईचा फोन आला. तिच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. अगदीच अंधार व्हायच्या आत धनाजीचं तोंड एकदा बघून घ्यावं, एवढंच तिचं मागणं होतं. फोन संयोगिताने घेतला होता. तिने नवऱ्याला समजावून बघितलं. भावकीतल्या कुणाची गाडी सांगू, दोन माणसं बरोबर घेऊ, सकाळी जाऊन सांजेच्या आत परत येऊ. धनाजीने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "जिचा ल्योक गेला, तिच्या दारात मला उचलून ठेवायचं व्हय? तिच्या म्होरं मी वझं हून न्हाई जाणार. जाईन तर माझा मी जाईन."

धनाजीने खुर्ची ओसरीच्या कडेला आणली आणि आमच्याकडे बघत बसला. थोड्या वेळाने त्याने तिला ताडपत्री काढायला सांगितलं.

मित्रांनो, इथून पुढची गोष्ट मला फार आवडते, कारण इथून पुढे माझ्या आयुष्यात नागसेन आणि दीक्षा आले.

साताऱ्याला औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्याला नागसेन यांचं जुन्या गाड्यांच्या पत्राकामाचं वर्कशॉप आहे. त्यांचं वय साठीच्या पुढे. हातोडीच्या आवाजाने एक कान अधू झालेला. त्यांची मुलगी दीक्षा कऱ्हाडला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पुण्यात नोकरीला होती. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून वडिलांच्या कामात आली. ट्रकवर चढवून आम्हाला तिथे उतरवलं, तेव्हा नागसेननी आधी मला हात लावला. त्यांनी बोटाच्या पेराने माझ्या तळावर टकटक केलं, चांगला कान खाली नेला आणि ऐकत ऐकत पुढे सरकले. जिथे पत्रा जिवंत होता तिथे खडूने गोल काढला, जिथे मेला होता तिथे फुली. डाव्या कोपऱ्यात फुल्याच फुल्या झाल्या.

त्यांचा हात मी विसरणार नाही. पहिले आठ दिवस त्यांनी काही बसवलं नाही, फक्त काढलं. पेट्रोलची टाकी उतरवून लांब शेडबाहेर नेऊन ठेवली, कारण जवळपास वेल्डिंग होणार होतं. मग गंज, जुना रंग, पुराचा उरलेला गाळ आणि उंदरांची घरटी. मशीन जिथे पोचत नव्हतं तिथे ते पॉलिशपेपरची घडी करून बोटाने घासायचे. माझा मूळ पत्रा पन्नास वर्षांनी उजेडात आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून बघितलं. एवढा एकसारखा दाबलेला पत्रा त्यांनी कधी बघितला नव्हता, असं ते दीक्षाला म्हणाले.

याच सुमाराला पुण्याच्या एका हौशी गृहस्थांचा निरोप आला. त्यांच्याकडे जुन्या गाड्यांचा संग्रह होता. आमची खबर त्यांना कुठून तरी लागली होती. गाडी होती तशी करून द्या, भोक एकही जास्त पडू देऊ नका, आम्ही घेतो आणि प्रदर्शनात तुमच्या नावासकट मांडतो, असं त्यांचं म्हणणं. नागसेननी ते धनाजीला कळवलं आणि धनाजी नाही म्हणाला. पण नागसेनना आतून ते पटलं होतं, हे मला त्यांच्या हातांवरून कळायचं. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी ठोकलेल्या जीपा आणि टेम्पो उसाच्या रस्त्यावर परत खड्ड्यांत जात होते. माझ्यासारखं काम त्यांच्याकडे पुन्हा येणार नव्हतं.

दीक्षासमोर वेगळंच कोडं होतं. पुरात बुडालेलं इंजिन एका मेकॅनिकने चालू केलं आणि क्लचचं कामही त्यानेच सोडवलं. स्टिअरिंगशेजारी हाताने ओढायची दांडी आली, त्या बदलाचे कागदही रीतसर झाले. उजवा पाय ब्रेक आणि अॅक्सिलरेटरपुरता चालत होता. प्रश्न खुर्चीचा होता. धनाजी गाडी चालवत पोचला तरी उतरणार कसा? खुर्ची कुणीतरी काढून द्यायची असेल तर सगळं मुसळ केरात. पुष्कळ जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना मागे जागा असते तीही नावापुरती, आणि तिथवर एका पायावर जायचं म्हणजे अख्खी गाडी ओलांडायची. पण मी पुढे होते. ड्रायव्हरच्या दारापासून दीड पावलावर. शिवाय आमचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे धनाजी उतरणार तो रस्त्याच्या कडेला, धावत्या गाड्यांच्या अंगावर नव्हे. ज्या गोष्टीला लोक पन्नास वर्षं हसले ती अशी उपयोगी पडली.

दीक्षाने हलकी, चाकं निघणारी खुर्ची मागवली. पुठ्ठे कापून तिची मापं केली आणि ते पुठ्ठे माझ्यात ठेवून बघू लागली. सांगाडा आडवा बसत होता, पण चाकं कुठे ठेवायची कळेना. दोन मोठी चाकं, दोन फूट व्यासाची. वर ठेवली तर झाकण लागत नव्हतं, बाजूला ठेवली तर सांगाडा बसत नव्हता. तिने वैतागून एक चाक माझ्या पुढच्या गोल खोलग्यात टाकलं, निव्वळ हात मोकळा करायला.

ते बसलं. तिने दुसरं त्याच्यावर ठेवलं. तेही बसलं, आणि वर बोटभर जागा राहिली.

जर्मनीत ज्या माणसाने तो खोलगा आखला त्याच्या डोक्यात गाडीचं पाचवं चाक होतं. चाकाच्या खुर्चीचा विचार त्याने केला नसणार. पण दीक्षाने वडिलांना हाक मारली आणि दोघं माझ्यावर वाकून बघत राहिले. नागसेननी चाक बाहेर काढलं, परत ठेवलं, परत काढलं. स्टेपनीच्या जागी हवा भरायचा लहान पंप आणि पंक्चरचं सामान पुरेल, असं दीक्षा म्हणाली. त्यांनी मान हलवली.

अडचण एकच उरली. सांगाड्याची पाय टेकवायची पट्टी डाव्या कोपऱ्यात दोन बोटं वर येत होती आणि झाकणाला अडत होती. दीक्षाचं म्हणणं, तळ कापून खाली घ्यावा. नागसेन म्हणाले, कंपनीने दाबून घडवलेल्या पत्र्याला मी करवत लावणार नाही. बाप-लेकीत दोन दिवस अबोला झाला. जेवणाचा डबा दोघं एकाच बाकावर बसून खायचे, पण भाजी वाढून घेताना सुद्धा बोलायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी नागसेन एकटेच माझ्यापाशी आले आणि त्यांच्याच खडूच्या फुल्यांकडे बघत बसले. खुर्चीला जिथे जागा हवी होती, तिथेच अॅसिडने पत्रा खाल्ला होता. तिथे कापायला काही शिल्लकच नव्हतं. तिथे नवा तुकडा घालायचाच होता. त्यांनी नव्या पत्र्याचा तुकडा घेतला, वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि लाकडी हातोडीने ठोकायला सुरुवात केली. दोन बोटं खोल, कडा गोल, मूळ आकाराला जुळणाऱ्या. संध्याकाळपर्यंत ते ठोकत होते. दीक्षाने तुकडा बघितला आणि वेल्डिंगचा चष्मा स्वतः त्यांच्या हातात दिला. मित्रांनो, जिथे मी सडले होते तिथेच खुर्चीला जागा झाली. सांधा कुठे आहे ते आज मलासुद्धा नीट सांगता येत नाही. बॅटरी सीटच्या मागे एका बंद पेटीत गेली. बाभळीच्या काठीच्या जागी गॅसचे दोन दांडे आले. डॅशखालची मूठ ओढली की माझं झाकण आपोआप वर जायचं. आणि दारापासून माझ्यापर्यंत, डाव्या मडगार्डच्या कडेने, दीक्षाने धरायला एक स्टीलची दांडी बसवली.

या कामापुरतं उचलून घेणं सोसून धनाजी संयोगिताबरोबर चाचणीला आला, पण तो दिवस वाईट गेला. धनाजी दार उघडून उठला, दांडी धरली, एका पायावर एक उडी घेतली. दुसऱ्या उडीला त्याचा हात दांडीवरून निसटला आणि तो वर्कशॉपच्या फरशीवर आडवा पडला. हातोड्या थांबल्या. संयोगिता धावली. त्याने हातानेच तिला लांब थांबवलं आणि सरपटत बाजूला ठेवलेल्या आपल्या जुन्या खुर्चीपर्यंत गेला. कोपर फुटलं होतं. खुर्चीत बसल्यावर तो नागसेनना एवढंच म्हणाला, "बास झालं. त्या पुण्याच्या मानसाला गाडी दिऊन टाका."

ते गेले. संयोगिता जाताना माझ्या झाकणावर हात ठेवून क्षणभर थांबली होती.

नागसेनना आता पुण्याला फोन करायला कुणाची आडकाठी नव्हती. फोन त्यांच्या खिशातच होता. त्यांनी तो काढला नाही. दीक्षाला म्हणाले, आठ दिवस थांबू.

दीक्षाने त्या आठ दिवसांत काय केलं ते ऐका. तिने ओढणीने आपला डावा पाय गुडघ्यात मुडपून मांडीला बांधला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. दार उघडलं, उठली, दांडी धरली, उडी घेतली, पडली. परत बसली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिच्या हनुवटीला लागलं. नागसेन कोपऱ्यातल्या कामावरून बघत होते. ते उठले, जुनी गादी आणून तिथे टाकली आणि परत कामाला गेले. ती दिवसभर पडत होती. संध्याकाळी तिला कळलं की पडणारा माणूस दांडी शोधत नाही, त्याचा हात आपोआप एका जागी जातो. तिने तळव्याला काळं ऑइल लावलं आणि परत तेच केलं. तिच्या हाताचे ठसे मडगार्डवर, दाराच्या वरच्या कडेवर आणि माझ्या काठावर उमटले. दांडीवर एकही नव्हता. दांडी वीतभर खाली होती आणि लवकर संपत होती. दुसऱ्या दिवशी त्या ठशांवरून तिने नवी दांडी वाकवली. वर, लांब, माझ्या काठावरून आत वळलेली, मुठीत बसेल इतकी जाड. तिच्यावर सुतळी घट्ट गुंडाळली, घामाने हात सरकू नये म्हणून.

मग तिने फोन लावला. "काका, दांडी मी चुकीच्या जागी बसवली हुती. चूक माझी हाय, तुमची न्हाई. एकदा येऊन बघा. न्हाई जमलं तर मीच गाडी पुण्याला पोचवते."

धनाजी आला. या वेळी त्याने संयोगिताला बाहेर चहाच्या टपरीवर थांबायला सांगितलं. तो उठला, त्याचा हात सरळ दांडीवर गेला. एक उडी. दुसरी. माझ्या काठाला कंबर टेकवून तो उभा राहिला. चाकं काढली, खाली ठेवली. सांगाडा काढला, उघडला, चाकं खटकन बसवली आणि खुर्चीत बसला. दीक्षा घड्याळ लावून बसली होती. तिने ते बघितलंच नाही. नागसेन तोंड फिरवून उगाचच एक पाना पुसत होते. धनाजीने परत सगळं माझ्यात भरलं, परत काढलं. असं तो दुपारपर्यंत करत होता. संयोगिता तिसऱ्या चहानंतर दारात येऊन उभी राहिली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

रंग त्यानंतर लागला. तोच, हळदीचा. नागसेननी माझ्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथेसुद्धा तीन हात मारले.

महिनाभर धनाजी गावच्या रस्त्यावर गाडी चालवत होता. मग एका सकाळी माणला निघाला. संयोगिताने डबा आणि पाण्याची बाटली शेजारच्या सीटवर ठेवली. मागून दुसरी गाडी घेऊन यावं असं तिच्या मनात फार होतं, पण ती म्हणाली एवढंच, "पोचलासा की फोन करा."

कऱ्हाडवरून पुसेसावळी, तिथून औंध. यमाईचा डोंगर दिसला तेव्हा धनाजीने गाडी कडेला घेऊन बसल्या जागेवरून हात जोडले. पुढे हिरवळ विरळ होत गेली, मेंढरांचे कळप रस्त्यात आले. धनगर थांबून आमच्याकडे बघायचे. माझ्यात खुर्ची जराही हलत नव्हती. माझ्यातून गुळाच्या ढेपेपासून लग्नाच्या अहेरापर्यंत पुष्कळ काही गेलं आहे, पण मी इतकी जपून कधी काही नेलं नव्हतं.

रंगुबाईचं घर गावाच्या टोकाला, दगडमातीचं, पुढे शेळ्यांचा गोठा. ती उंबऱ्यात उभी होती. सत्तरी ओलांडलेली, बारीक, हिरवं लुगडं, डोळ्यांवर पांढुरकी साय. गाडी बघून शेजारचे दोघं-तिघं पुढे आले, एकाने धनाजीच्या काखेत हात घालायला वाकायची तयारीही केली.

रंगुबाई म्हणाली, "सरा बाजूला. त्येचा त्यो यील."

ते सरले. हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. तिला धड दिसत नव्हतं, तरी धनाजीला उचलून घेणं नको आहे हे तिला दिसलं होतं. ती उन्हात तशीच उभी राहिली, जितका वेळ लागला तितका. माझं झाकण वर गेलं, चाकं निघाली, सांगाडा निघाला, खटके बसले. धनाजी खुर्ची ढकलत तिच्यासमोर जाऊन थांबला. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कानशिलावरून बोटं मोडली. मग हात खाली नेला आणि जिथे पाय नव्हता तिथे खुर्चीवर ठेवला.

माझं झाकण उघडंच राहिलं होतं आणि उंबरा फार लांब नव्हता, म्हणून मला पुढचं ऐकू आलं. धनाजी त्या दिवसाचं सांगायला लागला. सुरुंग कुठे होता, कोण पुढे होतं, काय झालं. बावीस वर्षं त्याने ते मनात जुळवून ठेवलं असणार. पण वाक्य पुरं होईना. रंगुबाईने त्याला थांबवलं. ते सगळं तिला सरकारी माणसांनी सांगितलं होतं, असं म्हणाली. तिला दुसरं विचारायचं होतं. फोनवर विचारण्यासारखं ते नव्हतं.

"त्या दिशी सकाळी त्येनं खाल्लं व्हतं का रं काय?"

धनाजीने तिचा हात हातात घेतला. मग म्हणाला, "खाल्लं व्हतं, आये. पुऱ्या व्हत्या. माझ्या वाटणीच्या बी दोन त्येनंच खाल्ल्या. हसत व्हता."

रंगुबाई उंबऱ्यावर खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली, आणि रडता रडता मान हलवत राहिली, व्हय व्हय, दुसऱ्याच्या ताटातलं घ्यायची खोडच व्हती त्येला. धनाजीही रडला. शेजारची माणसं हळूच निघून गेली. दुपारी तिने बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी केली. धनाजी परत निघाला तेव्हा ती गाडीपर्यंत आली. खुर्ची माझ्यात ठेवून झाल्यावर तिने चाचपडत माझ्या काठाला हात लावला आणि विचारलं, एवढी मोठी गाडी, मग इंजिन कुठं बसवलंय?

कितीतरी वर्षांनी मला तो प्रश्न विचारला गेला होता. धनाजी मोठ्याने हसला.

पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो. तिच्या मोतीबिंदूचं पहिलं ऑपरेशन साताऱ्याला झालं. तिला नेलं धनाजीनेच, पुढच्या सीटवर बसवून. आता एका डोळ्याने तिला स्वच्छ दिसतं. दुसऱ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

मित्रांनो, नागसेनना प्रदर्शनात नाव मिळालं नाही. पण परवा कोरेगावकडचे एक गृहस्थ आपल्या अपंग मुलीला घेऊन त्यांच्या वर्कशॉपात आले होते. तिच्या स्कूटरवर खुर्ची बसवायची आहे. दीक्षा पुठ्ठे कापायला बसली आहे. हे सगळं बघून माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. तुमच्या घरातही काहीतरी ताडपत्रीखाली पडलं असेल. ते भंगारात घालण्याआधी एकदा उघडा, टकटक करून ऐका, जिवंत काय आणि मेलेलं काय ते नीट बघा, आणि आता त्यात काय मावेल याचा थोडा विचार करा. जे आम्हाला बनवतात ते हुशार असतात. पण जे आम्हाला दुसऱ्यांदा बनवतात त्यांना मी जास्त मानते. आणि पुसायला घ्याल तेव्हा फडकं कोरडं घ्या. पत्र्याला ओल सोसत नाही.